दोन जिवांची बाई आणि दोन दिवसांची सहल



थंडी पडू लागली की आमच्या स्टाफरूममध्ये सहलींचे बेत सुरू होतात. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी गोवा, कुणी कोकण. मी बहुतेक वेळा वह्या तपासता तपासता नुसती ऐकत असते. यंदा मात्र असा एक बेत थेट माझ्या घरी आला. त्याच्यावरून दोन घरांत पंधरा दिवस कुरबूर चालली, म्हणून या महिन्यात तेच लिहायला घेतलं आहे.

माझी भाची लग्न होऊन वाघोलीतच आली. तिला तीन वर्षं झाली. ती खराडीत एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. सध्या तिला दिवस गेलेत, हे लिहितेय तेव्हा सतरावा आठवडा चालू आहे. एका संध्याकाळी ती आली, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, “खाला, तुम्ही तरी अम्मींना सांगा ना. मला दोन दिवस कुठेतरी जायचंय.”

“कुठे?”

“कुठेही. जिथे सकाळी उठल्या उठल्या कुकर लावायला लागणार नाही तिथे.”

जावईबापूंनी मोबाईलवर मनालीचं पॅकेज बघून ठेवलं होतं. सासूबाईंनी एका वाक्यात तो विषय संपवला होता, “एकदा भोगलंय ते पुरे नाही झालं का?”

त्या ‘एकदा’ची गोष्ट अशी. मागच्या वर्षी भाचीला दोन महिने झाले असताना दापोलीकडे सासरच्या नात्यात लग्न निघालं. सगळं घर गेलं, तीही गेली. परत आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या अंगावरून जाऊ लागलं आणि ते मूल राहिलं नाही. तेव्हापासून घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांनी मनात एक हिशेब मांडला होता. प्रवास झाला, म्हणून मूल गेलं.

स्कूटर चालते, सहल चालत नाही

विहीणबाईंकडे जाण्याआधी मी भाचीला एक साधा प्रश्न विचारला, “ऑफिसला कशी जातेस?” म्हणाली, “यांच्या स्कूटरवर. मागे बसून.”

वाघोलीत राहणाऱ्यांना नगर रस्ता सांगायला नको. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, इमारती वाढल्या, गाड्या वाढल्या, रस्ता मात्र होता तेवढाच. खाणींकडून येणारे डंपर, कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. भाची गेले चार महिने या रस्त्याने रोज जाऊन येऊन पंधरा किलोमीटर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून जात होती. त्याबद्दल घरातल्या एकाही माणसानं हरकत घेतली नव्हती.

हे फक्त त्यांच्याच घरात होतं असं नाही. आपल्याकडे पोटुशी बाई लग्नाला जाते, मयतीला जाते, दिराच्या साखरपुड्याला पन्नास माणसांची बिर्याणी करायला उभी राहते, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गावी जाते. ते सगळं ‘करावंच लागतं’ या खात्यात जमा होतं. तिनं स्वतःसाठी दोन दिवस मागितले की मात्र घरातला प्रत्येकजण डॉक्टर होतो. बाळाला जपायचं असेल तर स्कूटरवरही जपायला हवं, आणि नात्यातल्या लग्नालाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही बाई सुनांचीच वकिली करते असं कुणी म्हणेल. काही जोडपी उलट टोकाला जातात. सहावा महिना चालू असताना बुलेटवर ताम्हिणी घाट, वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्या, बर्फ बघायला थेट रोहतांग. रोहतांगची खिंड जवळपास 4000 मीटर उंच आहे. तिथे धडधाकट माणसालाही दम लागतो. 2500 मीटरच्या वरच्या ठिकाणी गरोदरपणात पहिल्यांदा जायचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर आहे, तिथे उंचीची काळजी नाही. तिथली काळजी घाटातल्या वळणांची आणि गर्दीची आहे.

विहीणबाई काय म्हणाल्या

रविवारी असरच्या नमाजनंतर मी विहीणबाईंकडे गेले. बाई मूळच्या कोकणातल्या, कामसू, कमी बोलणाऱ्या. माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बाजी, ती नको म्हणत होती दापोलीला यायला. मळमळतंय म्हणत होती. मीच नेलं. भावाचं कार्य, सून दिसली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून मीच हट्ट केला.” आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मी गप्प झाले. सुनेवर राग म्हणून त्या नाही म्हणत नव्हत्या. वर्षभर त्या स्वतःलाच दोष देत होत्या. आणि तिकडे भाची मनात म्हणत होती, आपणच ठाम नाही म्हणायला हवं होतं. एकाच घरातल्या दोन बायका एकाच दुःखाचं ओझं वेगवेगळं वाहत होत्या, आणि एकमेकींना एक शब्द बोलत नव्हत्या.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा सुमारे निम्म्या वेळा त्याचं कारण गर्भाच्याच गुणसूत्रांमध्ये असतं. बीज जुळतानाच काहीतरी चुकलेलं असतं, त्यामुळे तो गर्भ पुढे वाढूच शकत नाही. बाई त्या दिवसांत घरात पलंगावर पडून राहिली असती तरी तेच झालं असतं. उरलेल्या वेळीही कारणं शरीरातली असतात, काही आजार, काही गर्भाशयाचे दोष. गाडीत बसल्यानं, घाट चढल्यानं, वाकून झाडू मारल्यानं चांगला वाढणारा गर्भ पडत नाही. आणि चौथ्या दिवशी अंगावरून जायला लागलं म्हणजे बिघाड प्रवासातच झाला असंही नाही. पुष्कळदा गर्भाची वाढ आधीच थांबलेली असते, शरीराला ते कळायला दिवस जातात.

हे मी माझ्या मनानं सांगितलं नाही. पुढच्या तपासणीला आम्ही तिघी बरोबर गेलो, आणि विहीणबाईंनी स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मी तिला लग्नाला नेलं म्हणून झालं का?” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघून सांगितलं, “नाही.” बाहेर आल्यावर सासू-सून रिक्षात एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. वर्षभरापूर्वीच हा प्रश्न विचारला असता तर, असं मला वाटून गेलं. पण आपल्याकडे अशा गोष्टी विचारण्याआधी गाडण्याची घाई असते.

दीन काय सांगतो

विहीणबाईंनी आणखी एक शंका काढली होती, गरोदर बाईनं असं बाहेर पडणं आपल्यात बसतं का? मी त्यांना दोन अस्मांची आठवण करून दिली. दोन्ही घटना हदीसच्या मान्य संग्रहांत आहेत.

हजरत अबूबकर (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) हिजरतीसाठी मक्केहून निघाल्या तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते. चारशेहून अधिक किलोमीटरचं वाळवंट पार करून त्या मदिनेजवळ कुबा इथे उतरल्या आणि तिथे त्यांनी अब्दुल्लाह बिन जुबैर यांना जन्म दिला. पैगंबर (सल्ल.) यांनी खजूर चावून त्या बाळाच्या तोंडाला लावला आणि बरकतीची दुआ केली. दुसऱ्या अस्मा बिन्ते उमैस (रजि.), अबूबकर (रजि.) यांच्या पत्नी. हिजरी 10 मध्ये अखेरच्या हजच्या प्रवासात, मदिनेपासून थोड्याच अंतरावर जुलहुलैफा इथे त्या बाळंत झाल्या. आता काय करू, असा निरोप त्यांनी पैगंबर (सल्ल.) यांच्याकडे पाठवला. त्यांना घरी परत पाठवलं गेलं नाही. गुस्ल करून, कापड नीट बांधून एहराम करायला सांगितलं गेलं.

या सहली नव्हत्या, हे मला माहीत आहे. एक हिजरत होती आणि एक हज. पण गरोदर बाईच्या पायात घरानं बेडी घालावी असं दीन सांगत नाही, एवढं त्यातून कळतं. आणि विरंगुळ्याचं म्हणाल तर, सोबतच्या लोकांना पुढे पाठवून पैगंबर (सल्ल.) प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत, हेही हदीसमध्येच आहे. बायकोला चार मोकळे क्षण देणं यात काही उणेपणा नाही.

मात्र दीन निष्काळजीपणाही शिकवत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितलं गेलं होतं. आपला उंट म्हणजे इथे डॉक्टरांची तपासणी आणि नीट आखलेला बेत.

आधी तपासणी, मग तारीख

आपण उलटं करतो. आधी बुकिंग करतो, मग डॉक्टरांना विचारतो, आणि नाही म्हणाले तर पैसे बुडतील म्हणून विचारतच नाही.

प्रवासाला सगळ्यात बरा काळ चौथा महिना लागल्यापासून सातव्याच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणजे साधारण 14 ते 28 आठवडे. मळमळ कमी झालेली असते, पोट अजून अवघड झालेलं नसतं. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव बघतात आणि वार कुठे आहे तेही कळतं. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, मध्ये अंगावरून गेलं असेल, पिशवीला टाका घातला असेल, आधीचं बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झालं असेल, रक्तदाब चढा असेल, रक्त फार कमी असेल किंवा जुळी असून काही अडचण असेल, तर बेत पुढच्या वर्षावर टाकावा. त्यात हार-जीत नाही. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, तिथे हे सगळं विचारता येतं.

भाचीची सोनोग्राफी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. ती नीट आली तर 6 आणि 7 जानेवारी, मंगळवार-बुधवार, असं ठरलं आहे. तेव्हा तिला चोविसावा आठवडा असेल. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा आम्ही मुद्दाम सोडला. त्या दिवसांत पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि घाटात अडकलेल्या गाडीतल्या गरोदर बाईला लघवीला जायलाही जागा नसते. शिवाय आपल्या वाघोलीकरांसाठी आणखी एक गोष्ट. 1 जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, तेव्हा 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. त्या दोन दिवसांत बाहेर पडायचं असेल तर पोलिसांनी जाहीर केलेले मार्ग बघूनच निघावं.

रमजानचाही विचार केला. तो 18-19 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल, तेव्हा भाचीला तिसावा आठवडा लागलेला असेल. रोज्यांबद्दल, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होण्याची भीती असेल तर गरोदर बाईला रोजे पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत आहे. तो निर्णय डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून घ्यावा.

जायचं कुठे

आम्ही कागदावर चार नावं लिहिली. मनाली उंच, दूर आणि बर्फावर घसरण्याची भीती, म्हणून पहिल्यांदा कटली. कोकण भाचीला आवडतं, पण ताम्हिणीची वळणं आणि पाच-सहा तासांचं बसणं या वेळी नको वाटलं. तिकडे जाणाऱ्या इतर भगिनींना एक सांगते, उन्हवऱ्यासारख्या गरम पाण्याच्या कुंडात गरोदर बाईनं बसू नये. अंगाचं तापमान चढणं बाळाला चांगलं नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुण्यातच मिळते.

शेवटी भिगवण ठरलं. वाघोलीहून केसनंद, थेऊरमार्गे सोलापूर रस्त्याला लागायचं, मग उरुळी कांचन, यवत, पाटस आणि भिगवण. शंभरेक किलोमीटर, मोठा घाट नाही, अडीच तासांचा रस्ता. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, येतात. दूर मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही असतात. जवळ दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि तीसेक किलोमीटरवर बारामतीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जागा निवडताना हा प्रश्न पहिला विचारावा. रात्री दोन वाजता गरज पडली तर बाळंतपण करणारा दवाखाना किती मिनिटांवर आहे? उत्तर एका तासाच्या आत नसेल तर दुसरी जागा बघावी.

पक्षी बघायला होड्या असतात. किनारा चिखलाचा, होडी हलणारी, चढता-उतरताना पाय घसरण्याची भीती खरी. भाचीला सांगितलंय, काठ बरा असेल आणि लाइफ जॅकेट मिळालं तरच, नाहीतर किनाऱ्यावर खुर्ची टाकून बस. पक्षी तिथूनही दिसतात.

एवढंही जमण्यासारखं नसेल तर आपल्या आसपास जानेवारीत हुरडा निघतो. सकाळी शेतावर जायचं, निखाऱ्यावर भाजलेला हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ खायचा, झाडाखाली सतरंजी टाकून पडायचं, मगरिबच्या आत घरी. त्यालाही सहलच म्हणतात.

वाटेत आणि मुक्कामी

गाडीत पट्टा लावायचाच. पोटाला दाबेल म्हणून पुष्कळजणी लावत नाहीत, ते चूक आहे. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर यावा. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं जावा. दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालावं. गरोदरपणात पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून बसल्या जागीही पावलं वरखाली हलवत राहावीत. एसटीनं जाणार असाल तर मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. पैसे वाचतात, पण जागा चाकावरची किंवा मागची घेऊ नका, पुढच्या बाजूची घ्या, आणि आरक्षण करूनच बसा. विमानाला साधारण 32 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि 36 नंतर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. नियम कंपनीनुसार बदलतात, तिकीट काढण्याआधी विचारावं.

आता बायकांनाच कळेल असं एक. प्रवासात स्वच्छ बाथरूम मिळणार नाही म्हणून आपण पाणी पीत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच केलं. थंडीत तर तहानही लागत नाही. पण पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात त्यातून वेळेआधी कळा येऊ शकतात. तेव्हा पाणी पीत राहायचं आणि थांबा मागायला लाजायचं नाही. गाडी थांबवणं ही नवऱ्याची जबाबदारी, त्यात वैतागू नये.

जेवण गरम आणि पूर्ण शिजलेलं असावं. हलाल मिळेल का या शंकेपोटी आपण डबा नेतोच, ते एका परीनं बरंच आहे. पण सकाळचा खिमा दुपारपर्यंत बंद गाडीत ठेवून खाऊ नये. आत कच्चे राहिलेले कबाब, अर्धी उकडलेली अंडी, न तापवलेलं दूध आणि कापून ठेवलेली फळं टाळावीत. भिगवणचे मासे प्रसिद्ध आहेत, ताजे आणि नीट शिजलेले असतील तर खुशाल खावेत.

थंडीचा एक धोका कुणी सांगत नाही. खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि आईइतकाच किंवा त्याहून जास्त पोटातल्या बाळाला घातक असतो. लॉजच्या बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. खोली घेताना गिझर विजेचा आहे का, बाथरूमला खिडकी आहे का, हे फोनवरच विचारा.

नमाजचं सांगायचं तर शहराची हद्द ओलांडल्यावर साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर कसर होते, म्हणजे चार रकअतींच्या फर्जच्या दोन. काही उलमा हे अंतर याहून जास्त धरतात. आमचं घर हनफी, विहीणबाईंचं बहुतेक कोकणी घरांप्रमाणे शाफई. त्यांच्यात प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करता येतात, आमच्यात तसं करत नाहीत. नव्या सुनेनं यात गोंधळून जाऊ नये, आपल्या आलिमांना विचारून निघावं. उभं राहणं झेपत नसेल तर बसून नमाज होते, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाची चिठ्ठी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मोजून घ्याव्यात. उलटीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच, मेडिकलवाल्यानं सुचवलेली नाही. रुग्णवाहिकेसाठी 108, आणि गरोदर मातांसाठी सरकारी गाडीचा 102, हे दोन्ही नंबर नवऱ्याच्याच नव्हे, तिच्याही मोबाईलमध्ये असावेत. अंगावरून गेलं, पाणी जाऊ लागलं, ठरावीक वेळानं पोट कडक होऊ लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी जाऊन बघू म्हणू नये. जवळचा दवाखाना गाठावा.

आणि बाळंतपणाला माहेरी जाणं हाही प्रवासच आहे. भाचीचं माहेर नगरला, आताच्या अहिल्यानगरला. रीत म्हणून सातवा पूर्ण झाल्यावर, सतवांसा उरकून निघायचं, असं आपण करतो. पण तारीख समारंभानं नव्हे, डॉक्टरांनी ठरवावी, आणि तिथल्या दवाखान्यात नाव आधी नोंदवून ठेवावं.

शेवटी

कुरआनात हजरत मरयम (अलै.) यांची हकीगत येते. पोटात मूल घेऊन त्या लोकांपासून दूर गेल्या, कळा असह्य झाल्या तेव्हा खजुराच्या झाडाखाली बसल्या. तिथे त्यांना आधी दिलासा मिळाला, पाणी मिळालं, ताजा खजूर मिळाला. जाब विचारणारे नंतर आले. आपण घरातल्या गरोदर मुलीला आधी जाब विचारतो. का गेलीस, का उचललंस, का खाल्लंस. पाणी आणि दिलासा मागे राहतो.

परवा भाचीचा फोन आला. स्कूटर बंद झाली आहे, शेजारच्या एका ताईंच्या गाडीतून जाते-येते, पेट्रोलचा वाटा देते. जावईबापूंनी विहीणबाईंनाही भिगवणला चला म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “मी कशाला? माझ्यामुळे पोरगी डोक्यावरचा पदर सारखा सावरत बसेल. तुम्ही दोघंच जा.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मी खजूर बांधून देते. आणि पोचल्यावर फोन करा. दर दोन तासांनी नाही केला तरी चालेल.”

“चालेल म्हणाल्या, खाला,” भाची हसत म्हणाली, “पण मी करणार आहे.”

सोनोग्राफी नीट यावी आणि हे जाणं-येणं सुखाचं व्हावं, एवढी दुआ तुम्हीही करा. तुमच्या घरात कुणी दोन जिवांची असेल तर या महिन्यात तिला एकदा विचारा, तुला काय हवंय. उत्तर कदाचित फार मोठं नसेल. एक सकाळ कुकरशिवाय, एवढंच असेल.

अल्लाह हाफिज.